एक हंगाम शेजारी चालू द्या

राठोड सर,

उद्या खंडेनवमी. सर्व्हरच्या खोलीच्या दारावर तुमच्या हातची पाटी अजून आहे: ‘पूजा करा, बटण दाबू नका.’ शाई फिकी पडली म्हणून परवा आमच्यातल्या एकानं ती काढून छापील लावायचं ठरवलं. मी अशी खेकसले त्याच्यावर की अख्खा विभाग चहा प्यायचा थांबला. पाटी जागेवर आहे. तुम्ही तेवढे न्हाईत.

उद्याच तुम्हाला जाऊन महिना होईल. शोकसभेत सगळे म्हणाले, राठोड साहेब फार शांत माणूस होते. मी मागच्या खुर्चीवर बसून मनात म्हटलं, शांत? हा माणूस? माझ्याशी इतकी वर्षं रोज भांडला तो कोण होता मग? पण सभेत असं बोलता येत नाही. म्हणून इथं बोलते आहे.

मी आले तेव्हा आपला साखर कारखाना जुना होता आणि कॉम्प्युटर विभाग नवा. विभाग म्हणजे तुम्ही, दोन ऑपरेटर, आणि पूर्णेच्या कालव्याकडं उघडणारी एक खिडकी. मी नरसीच्या अलीकडच्या वाडीतली, मेंढरं राखणाऱ्याची पोरगी, नांदेडात कॉम्प्युटरचं शिकून आलेली आणि तेवढ्यावर आभाळाला हात लागल्यासारखी चालणारी. तुम्ही औंढ्याजवळच्या तांड्यावरचे. पहिल्या दिवशी तुम्ही मला काळा पडदा आणि त्यावरची हिरवी अक्षरं दाखवलीत.

“हे युनिक्स. सगळ्या मशीनचा कारभारी. ऊसनोंदीचा डेटाबेस ह्याच्या जिवावर चालतो. ह्याच्याशी भांडायचं न्हाई.”

“मग भांडायचं कुणाशी?” मी विचारलं.

“माझ्याशी भांडा. मला पगार त्याचाच हाय.”

तुम्हाला वाटलं असेल, पोरगी लाजेल. मी ते शब्दशः घेतलं.

ऊसनोंद म्हणजे नुसती नावं नव्हेत, हे मला कळायला एक हंगाम लागला. कुणी कोणत्या तारखेला ऊस लावला त्यावरून तोडीची पाळी लागते. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. ऐकायला किती सोपं! पण यादी हातानं लिहायची त्या काळात तुमच्या वडिलांचा, बापूंचा, ऊस चैतापर्यंत शेतात उभा राहिला. तुरे आले, वाळून खराटा झाला, तरी तोडणीची टोळी काही आली नाही. बापूंचं नाव यादीत होतं, पण वरती कुणाचा मेव्हणा, कुणाचा साडू घुसला की ते खाली सरकायचं. हे तुम्ही मला जेवताना सांगितलंत, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, आणि लगेच म्हणालात, “ठेचा लई तिखट झाला आज.”

तेव्हा मला कळलं की तुम्ही त्या मशीनभोवती असे काहून फिरता. डेटाबेस एक दिवस जरी बंद पडला, तरी पाळी पुन्हा माणसाच्या हातात जाणार होती. तुम्हाला भीती होती ती एवढीच, आणि नोकरीभर ती होती.

मोठी माणसं यायची ना तुमच्याकडं? गाडीतून उतरून थेट आत. “राठोड, तेवढी आमची पाळी पुढं घे बाबा.” तुम्ही खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे. “घेतो की मालक. पण युनिक्स ऐकल तर.” मग टकाटक काहीतरी बडवायचे, पडद्यावर एक इंग्रजी ओळ यायची, आणि तुम्ही चेहरा पाडून मान हलवायचे. “बघा. नको म्हणून राहिलं.” मालक ती ओळ डोळे बारीक करून बघायचे आणि उठून जायचे. ती ओळ काय होती हे मला तिसऱ्या वेळी कळलं. तुम्ही मशीनला आजची तारीख विचारली होती आणि तिनं तारीख सांगितली होती. मी हसू दाबायला खिडकीकडं पळाले. तुम्ही मात्र तोंडावरची माशी हलू दिली नाही.

मग ते दिवस आले जेव्हा युनिक्स म्हातारं झालं. विकणाऱ्यांनी पुण्याहून कळवलं की ह्या जुन्या आवृत्तीला आता दुरुस्ती मिळणार नाही. इकडं डेटाबेसची नवी आवृत्ती आली, आणि ती म्हणे ह्या जुन्या कारभाऱ्याच्या हाताखाली चालतच नाही. बदलणं भागच होतं. आता बदलून आणायचं काय, यावर कारखान्यात दीड-दोन वर्षं जे रामायण झालं ते काय सांगावं!

पहिल्यांदा एका बड्या संचालकाचे जावई त्यांच्या ओळखीच्या विक्रेत्याला घेऊन आले. त्यानं विंडोज आणलं. रंगीत पडदा, चित्रं, माउस. साहेब लोक खूष. बैठकीत तुम्ही म्हणालात, “चांगलंच हाय. आमच्या डेटाबेसची कंपनी लेखी देती का, की ह्याच आवृत्तीवर चालंल म्हणून? आन् हंगामात रविवारी बंद पडलं तर येणार कोण?” विक्रेता म्हणाला, “सर, फोनवर सपोर्ट असतो.” तुम्ही खिडकीबाहेरच्या खांबाकडं बोट दाखवलंत. तिथं टेलिफोनची तार गेल्या वादळापासून लोंबत होती. बैठक हसली आणि विषय पुढच्या महिन्यावर गेला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “सर, त्यात वाईट काही न्हाई. शिकलेली माणसं ठेवली तर चालेल ते.”

“चालंल की. मला कुठं नको म्हणायचंय,” तुम्ही म्हणालात. “पण माउस हातात आला की समद्यालाच कॉम्प्युटर येतो, सुनंदाबाई. मग युनिक्स नको म्हणतं असं मी कुणाला सांगू?”

सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडावी यावर मी पुढं पुष्कळ वाचलं. हे कारण मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. पण आमच्या कारखान्यापुरतं बोलायचं तर ते बाकी सगळ्या कारणांवर भारी होतं.

मी आणलं लिनक्स. नांदेडच्या बसस्टँडवर घेतलेल्या एका मासिकासोबत त्याची सीडीची तबकडी आली होती. मी हरखून गेले होते. युनिक्सच्याच कुळातलं, तेच काळं तोंड, त्याच आज्ञा, आणि साध्या मशीनवर चालणारं. तुम्ही तबकडी उलटीपालटी करून बघितलीत.

“फुकट?”

“फुकट.”

“मासिकासोबत फुकट आलेल्या तबकडीवर मी लोकांच्या पाळ्या ठेवू? उद्या शाम्पूच्या पुडीसोबत काही आलं तर तेबी आणाल.”

मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. मग डेटाबेसच्या कंपनीचा कागद छापून आणला, त्यांचा माल लिनक्सच्या अमुक आवृत्तीवर चालतो असं सांगणारा, आणि तुमच्या टेबलावर आपटला. तुम्ही तो वाचलात. पुन्हा वाचलात. आणि म्हणालात, “बराबर. म्हंजे आता बघायला हरकत न्हाई.” तेवढ्यानं मी हवेत गेले.

तिथून खाली आणायला तुम्हाला किती वेळ लागला? मी एका मशीनवर सगळं बसवून दाखवलं. नोंदी घालत होते, तुम्ही मागं उभे होतात, आणि अचानक पडदा विझला. वळून बघते तर तुमच्या हातात प्लगची वायर!

“सर! काय केलं हे?”

“लाईट गेली.”

“अशी विचारल्याबिगर?”

“लाईट विचारून जाती व्हय?”

मशीन पुन्हा उठायला मरणाचा वेळ लागला. डिस्कचा कोपरा न् कोपरा तपासत बसलं, आणि उठलं तेव्हा शेवटच्या काही नोंदी गायब. मला रडू आलं. तुम्ही चहा मागवलात. म्हणालात, हिंगोलीत चालवायचं तर पुण्याच्या विजेवर चालून उपयोग नाही. पुढच्या वर्षी लिनक्सची नवी आवृत्ती आली, ती डिस्कवर लिहिण्याआधी काय लिहिणार हे बाजूला टिपून ठेवायची, म्हणून वीज गेली तरी लगेच सावरायची. मी ती बसवली. ह्या खेपेला वायर मीच उपटली. एकदा नाही, तुम्ही “बस करा आता” म्हणेपर्यंत. एकही नोंद गेली नाही. तुमच्या तोंडावर जे हसू आलं होतं ना सर, त्यासाठी मी अजून दहा वेळा उपटली असती.

मला वाटलं, झालं. आता जुनं काढायचं, नवं ठेवायचं. तेव्हा तुम्ही तुमच्या आज्याची गोष्ट काढलीत. तुमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायची. नवा बैल तांड्यात आला की त्याच्यावर पहिल्या खेपेला माल टाकायचा नाही. पाठीवर रिकामी गोण टाकायची आणि जुन्या बैलाच्या शेजारी चालवायचा. वाट, पाणी, चढ-उतार त्याच्या अंगात मुरू द्यायचे.

“म्हणून?” मी म्हटलं, पण मला कळून चुकलं होतं.

“म्हणून एक हंगाम शेजारी चालू द्या. जुन्यावर जी नोंद, तीच नव्यावर. रोज संध्याकाळी दोन्हीचा मेळ घालायचा. यादी मात्र जुन्यावरूनच निघंल.”

“एक हंगाम! सर, महिना बस झाला. महिन्यात जे दिसायचं ते दिसतं.”

“महिन्यात वाटसुद्धा कळत न्हाई बैलाला.”

“आमच्या मेंढरांचं असं नसतं. पहिलं मेंढरू वढ्यात उतरलं की समदी उतरतात.”

“म्हणून तर समदी बुडतात.”

ह्या बोलण्याचाच मला जास्त राग आला. ऑपरेटर डबल कामानं वैतागले, शिव्या मला बसायच्या. त्याच काळात मला पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, “जा. पण परतीची वाट ठेवून जा. मशीन असो का माणूस.” मी अर्धी पेटी भरली आणि मग उघडली. का, ते तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आता सांगते. मला हे भांडण सोडून जायचं नव्हतं. असं भांडण, ज्यात समोरचा माणूस आपलं शेवटपर्यंत ऐकून घेतो, पुण्यात मिळेल याची मला खात्री नव्हती.

त्याच दिवसांत तुम्ही अजून एक काम माझ्या गळ्यात मारलंत. शेतकरी वारला की वारसाचं नाव लागायचं आणि जुनं नाव खोडलं जायचं. तुम्ही नव्या मशीनवर एक रकाना वाढवायला लावलात, ‘आधीचं नाव’. एक हंगाम तोडीच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं छापायची. मी कुरकुरले. तुम्ही म्हणालात, “टोळीचा मुकादम गावात जाऊन विचारतो, अमक्याचं शेत कोणतं. गावाला बापाचंच नाव ठावं असतं. पोराचं नाव रुळायला येळ लागतो.” मी रकाना वाढवला.

आणि मग, तोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, ती खंडेनवमी.

कारखान्यात त्या दिवशी प्रत्येक यंत्राची पूजा. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि दिवसभर यंत्राला हात लावायचा नाही. तुम्ही दरवर्षी चलाखी करायचे. हार मॉनिटरला, मॉनिटर बंद, आणि खाली युनिक्स आपलं चालूच. मी म्हणायची, “देवाला फसवता सर?” तुम्ही म्हणायचे, “देवाला कळतं युनिक्स काय चीज हाय.” त्या वर्षी तुम्ही सकाळी तांड्यावर घरच्या पूजेला गेला होतात. मी मांडवात प्रसाद वाटत होते. आणि आपले मारोतीकाका, मिलचे फोरमन, मुंगी मरू नये म्हणून पाय जपून टाकणारा माणूस, ताट घेऊन आपल्या खोलीत गेले. त्यांनी हार घातला, नारळ ठेवला, आणि त्यांना दिसलं की खोक्यावर हिरवा दिवा लुकलुकतोय, आत घरघर चालू आहे.

“अरं देवा, हे लेकरू तर आजबी राबून राहिलं!” असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याच मायेनं.

शेजारच्या टेबलावर नवं मशीन होतं. त्याला काकांनी हात लावला नाही. ऑपरेटरनं त्यांना सांगितलं होतं की हे अजून कामावर रुजू नाही, नुसतं शेजारी चालतंय. जो राबत नाही त्याची पूजा कशाला आणि त्याला विसावा कशाला? म्हणून हार नाही की काही नाही, ते तसंच चालू राहिलं.

मी खोलीत आले तर जुन्याची घरघर गप्प, नव्याचा तेवढा बारीक पंखा चालू. ती घरघर कधीच थांबायची नाही. मी बटण दाबलं, आतून नुसतं टक, टक, आणि पुढं काही नाही. वर्षानुवर्षं कधी तासभरही न विसावलेली डिस्क एकदा पुरती थंड झाली, ती जागची हललीच नाही. तुम्हाला निरोप धाडला. तुम्ही गुलालाच्या कपाळानंच आलात, खोक्याला कान लावून बसलात. हलकेच थापटलंत. परत कान लावलात. टेपवर नकल होती, पण ती उतरवायला तसलंच मशीन पाहिजे होतं. युनिक्स पुन्हा बसवायच्या फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी चढलेली, पुण्यात दसऱ्याची सुट्टी.

मारोतीकाका दारात उभे होते, बोटांना हळद तशीच. म्हातारा माणूस ढसाढसा रडत होता. मला वाटलं, आता तुमचा ताबा सुटणार. तुम्ही उठलात, त्यांना स्टुलावर बसवलंत. म्हणालात, “काका, तुमी बैल सोडला. बैल म्हातारा झाला व्हता, हे तुमाला सांगायचं आमच्याकडून राहिलं.” ती पाटी तुम्ही दुसऱ्या दिवशी लावलीत, पण काकांना उभ्या जन्मात एक उणा शब्द बोलला नाहीत.

दुपारी कारखान्याच्या शेतकी खात्याचे साहेब आले. दसऱ्याला बॉयलर पेटला की पहिल्या पाळीची यादी फळ्यावर लागायची, ही रीत. साहेब म्हणाले, “मशीन बंद पडलं म्हणे? काही तकलीफ घेऊ नका. ह्या वर्षी हातानं लिहून टाकू. कच्ची यादी मी करूनच ठेवली आहे.” आणि खिशावर हात ठेवला. तुम्ही त्या खिशाकडं बघितलंत. सर, तुमची पाचावर धारण बसलेली मी तेवढी एकदाच पाहिली. त्या खिशात कोण कोण वर बसलं असेल आणि कुणाचे बापू खाली गेले असतील, हे तुम्हाला न उघडता दिसत होतं.

“यादी उद्या लागती ना साहेब?” तुम्ही म्हणालात. “मग उद्या बोलू.”

तरी तुम्ही नव्या मशीनवर एकदम विश्वास टाकला नाहीत. मी पोटतिडकीनं सांगत होते, “सर, कालच्या संध्याकाळपर्यंतचा मेळ बसलाय, एकूण एक नोंद आहे.” तुम्ही म्हणालात, “मेळ आपण घातला. ज्यांचा ऊस हाय त्यांना घालू द्या.” दसऱ्याच्या सकाळी बॉयलरच्या पूजेला गावोगावची माणसं जमली होती. तुम्ही फाटकावर उभे राहून ओरडलात, “ज्याच्याजवळ लागणीची पावती असंल त्यानं कॉम्प्युटरच्या खोलीत या!” लोक आले. कुणी टोपीतून पावती काढली, कुणी पिशवीतून, एका धनगरणीनं कमरेच्या चंचीतून. तुम्ही पावती मोठ्यानं वाचायचे, मी नव्या मशीनवर नाव काढून लागणीची तारीख मोठ्यानं सांगायची. बराबर. बराबर. हेबी बराबर. खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. शेतकी साहेब दारातून बघत होते आणि त्यांचा हात खिशावरून हळूहळू खाली आला.

मग तुम्ही माझ्याकडं वळलात. “सुनंदाबाई,” म्हणालात, “टाका माल.”

मी बटण दाबलं. प्रिंटर करकरायला लागला. यादी फळ्यावर लागली तेव्हा बॉयलरचा धूर नुकता वर चढत होता. तुमच्या बापूंचं नाव कुठंय ते तुम्ही बघितलं नाहीत. मी बघितलं. वर नव्हतं, खाली नव्हतं, जिथं असायला पाहिजे तिथं होतं. तुम्ही बाजारात माणूस पाठवून झेंडूचा नवा हार मागवलात. जुन्याचा काढून घालू नका, तो त्याचा आहे, असं बजावलंत. आणि नव्या मशीनला तो हार तुम्ही स्वतः घातलात.

आणि भांडण? ते सुटलं का? छे! संध्याकाळी सोनं द्यायला मी आले आणि म्हटलं, “बघा. महिन्यातच बदललं असतं तर म्हातारं मशीन गेलं काय, राहिलं काय, कुणाचं अडलं नसतं.” तुम्ही आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवत म्हणालात, “शेजारी चालवलं नसतं तर लोकांनी मेळ कशाशी घातला असता?” मी म्हटलं, पावतीशी. तुम्ही म्हणालात, आन् तुमाला तरी भरवसा आला असता का? दर दसऱ्याला आपण हे भांडलो. तुम्ही निवृत्त झाल्यावर फोनवर भांडलो. अजूनही मला वाटतं, निम्मं माझं बरोबर होतं. पण निम्मंच.

तुमच्या मागं मी त्या खुर्चीवर बसले. लिनक्सच्या आवृत्त्या बदलल्या, डेटाबेस बदलला, मशीन तर किती बदलली. दर वेळी वरून घाई झाली. दर वेळी मी म्हटलं, एक हंगाम शेजारी चालेल. कुणी चिडलं तर चिडलं. मला डोक्यावर बसवणारं, आणि वेळेला खाली उतरवणारं, तुमच्यासारखं माणूस मिळालं हे माझं नशीब होतं. वाडीवरच्या पोरीला कारखान्याचा कणा तुम्ही हातात दिला आणि मागं उभं राहून वायर उपटत राहिलात. मी तुमची ऋणी आहे, सर. हे तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही ठेच्यावर बोलणं नेलं असतं.

नांदेडच्या दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा नळ्या होत्या, आवाज नव्हता. मी सांगितलं, नवा सर्व्हर आलाय. तुम्ही ओठ हलवलेत. मला कळायला वेळ लागला. “परतीची वाट?” मी म्हटलं, “ठेवली सर.” तुम्ही डोळे मिटलेत, समाधानानं की थकून, ते मला सांगता येणार नाही.

आज दुपारी विलास आला होता. तुमचा विलास. हातात मृत्यूचा दाखला आणि वारस नोंदीचा अर्ज. तांड्याजवळच्या तुमच्या उसाची पाळी ह्या हंगामात आहे ना. खुर्चीत बसला तोही तुमच्यासारखाच, काठावर. म्हणाला, “ताई, बाबाचं नाव आता काढावं लागंल ना?”

मी म्हटलं, “बस. चहा घे.”

मग तुमची नोंद पडद्यावर काढली. विलास देवीदास राठोड असं नाव घातलं. आणि कर्सर त्या रकान्यावर नेला, जो वाढवायला मी कुरकुरले होते. ‘आधीचं नाव’. तुमचं नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं, परत टाइप केलं. नमुन्याची चिठ्ठी छापून विलासच्या हातात दिली. त्यानं वाचली, दोन्ही नावं, एकाशेजारी एक. घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून बसला.

एक हंगाम शेजारी चालेल, सर. तुमचाच नियम आहे.

महिना बस झाला, म्हणून किती भांडले मी तुमच्याशी! उद्या महिना होतो. बस झाला न्हाई, सर.